जुलैत घर सांभाळताना

चि. मधुरास अनेक आशीर्वाद.

तू तीन आठवडे इथे इंग्लंडमधल्या हेरफर्डशरला राहणार, तेव्हा आधी हवेचं सांगतो. इथला जुलै म्हणजे गारठलेला श्रावण: दुपारी वीस-बावीस अंश, पाऊस लागला की पंधरा-सोळा. आपल्याकडच्यासारखा ठरलेला पावसाळा नाही. उंचावरून धावणारा वाऱ्याचा जेट प्रवाह ब्रिटनच्या उत्तरेला सरकला की कोरडं ऊन, डोक्यावर किंवा दक्षिणेला आला की अटलांटिकवरून एकामागून एक कमी दाबाचे पट्टे. म्हणून इथे दिवसाचा नाही, अर्ध्या दिवसाचा बेत करायचा.

कपड्यांचंच घे. पश्चिमेकडून विरळ ढग दाटत आले, सूर्याभोवती खळं पडलं, वारा दक्षिणेकडून येऊ लागला, की धुणं लावू नकोस. पट्टा बरसून गेल्यावर वारा वायव्येकडे वळतो आणि लांबच्या टेकड्या स्वच्छ दिसतात. दुसऱ्या दिवशीची सकाळ सोन्यासारखी. आठला वाळत घाल, एकच्या आत काढ. जमीन तापली की दुपारी सरी येतात. अंदाजातले 'तीस टक्के' म्हणजे दिवसातला तीस टक्के वेळ पाऊस नव्हे; असं म्हटलेल्या दहा वेळांपैकी तीनदा तो पडतो. घराबाहेर पडताना टक्क्यांपेक्षा पावसाचं रडार बघ.

खरी काळजी बटाट्यांची. लागोपाठ दोन दिवस तापमान दहा अंशांखाली गेलं नाही आणि दोन्ही दिवशी किमान सहा तास आर्द्रता नव्वद टक्के किंवा जास्त राहिली, तर करपा येण्याजोगी हवा झाली. मग रोज पानं उलटून बघ: कडेला तपकिरी ओलसर डाग, खाली पांढरी बुरशी. दिसली तर दया दाखवू नकोस. सगळा पाला जमिनीलगत काप आणि नगरपालिकेच्या बागकचऱ्याच्या डब्यात टाक, आपल्या खतात नाही. बटाटे मात्र लगेच उकरू नकोस. दोन आठवडे थांबलं की साल घट्ट होते आणि मातीवरचे बीजाणू मरतात. घाई केली तर ते बटाट्याला लागतात आणि पोत्यात सगळे सडतात. टोमॅटोलाही हाच रोग. काचघराची दारं दिवसा उघडी ठेव, पाणी मुळाशी घाल, पानांवर नको.

कोरडे तीन-चार दिवस मिळाले की शेजारी गवत कापतील. कापायचं, उलटंपालटं करायचं, ओळी लावायच्या, गठ्ठे बांधायचे. वीस टक्क्यांहून जास्त ओल राहिली तर गठ्ठा बुरसतो, आतून तापतो, कधी पेटतोही. त्यामुळे रात्री दहापर्यंत ट्रॅक्टर चालतील. तक्रार करू नकोस. अरुंद रस्त्यात समोरून आला तर मागची रुंद जागा जवळ असेल त्याने मागे जायचं. बहुधा तूच जा.

शनिवारच्या फेटला, म्हणजे गावजत्रेला, मांडव उभारायला जाशील. चारही पायांना वजन बांध, नुसत्या खुंट्या ओल्या मातीतून उपटतात.

आणि चिमटे रात्री आत घे. लाकडी आहेत, भिजून बुरसले की पांढऱ्या कपड्यांवर काळे डाग पडतात.

तुझे,
बाबा