सीआरपीचा रिपोर्ट आणि हृदयाचा धोका

संपादक महोदय,

‘कोलेस्टेरॉल नॉर्मल होतं, मग ब्लॉकेज निघालाच कसा?’ हा प्रश्न कोल्हापुरातल्या दवाखान्यांत नेहमी ऐकू येतो. याचे उत्तर बऱ्याचदा दाहात, म्हणजे शरीरातल्या सूज आणणाऱ्या प्रतिक्रियेत (इन्फ्लमेशन) असते आणि त्याबद्दल रुग्णांना फारच कमी सांगितले जाते.

धमनीत चरबी नळातल्या गाळासारखी आपोआप साचत नाही. एलडीएलचे, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉलचे, कण आतल्या अस्तराखाली शिरतात, तिथे त्यांचे ऑक्सिडेशन होते आणि अस्तर रक्तातल्या पांढऱ्या पेशींना चिकटवून आत घेते. या पेशी चरबी गिळून फुगतात. कोलेस्टेरॉलचे स्फटिक झाले की त्यांच्यातून इंटरल्युकिन-१ बीटा हे दाह वाढवणारे संदेशक प्रथिन सुटते, त्यापाठोपाठ तसलेच इंटरल्युकिन-६ वाढते आणि यकृत सीआरपी (सी-रिअ‍ॅक्टिव्ह प्रोटीन) हे दाहाची खूण असलेले प्रथिन तयार करू लागते. दाहामुळे चरबीच्या थरावरचे आवरण पातळ होते. ते फाटले की गुठळी होते, म्हणून अर्ध्याहून कमी बुजलेल्या धमनीतही अ‍ॅटॅक येऊ शकतो.

२०१७ च्या ‘कँटोस’ या औषध-चाचणीत दहा हजारांवर रुग्ण होते. सगळ्यांना आधी अ‍ॅटॅक येऊन गेलेला, सीआरपी लिटरला २ मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त. इंटरल्युकिन-१ बीटा अडवणारे इंजेक्शन दर तीन महिन्यांनी १५० मिलिग्रॅम दिल्यावर एलडीएल तेवढेच राहिले, तरी पुढचे अ‍ॅटॅक, पक्षाघात आणि हृदयविकाराने होणारे मृत्यू मिळून सुमारे १५ टक्क्यांनी घटले. मात्र जंतुसंसर्गाने होणारे मृत्यू वाढले. दाह दाबण्याची ही किंमत विसरता येत नाही. गाऊटवरचे जुने कोल्चिसिन रोज ०.५ मिलिग्रॅम देऊन दोन मोठ्या चाचण्यांत फायदा दिसला, २०२४ च्या एका मोठ्या चाचणीत दिसला नाही. मूत्रपिंड कमजोर असेल किंवा क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक चालू असेल तर तेच कोल्चिसिन विषारी ठरू शकते. मेडिकलमधून परस्पर आणून ते कुणीही घेऊ नये.

आता तपासणीबद्दल. हृदयाच्या धोक्यासाठी हाय-सेन्सिटिव्हिटी, म्हणजे एचएस-सीआरपी लागते. साधी सीआरपी ताप आणि जंतुसंसर्गासाठी असते, त्यातले ‘५ पेक्षा कमी’ पाहून निश्चिंत होणे चूक. एचएस-सीआरपी लिटरला १ मिलिग्रॅमच्या आत असेल तर धोका कमी, १ ते ३ मध्यम, ३ च्या वर जास्त. काही लॅब डेसिलिटरमध्ये आकडा देतात. तिथला ०.३ म्हणजे लिटरला ३, हे न पाहिल्याने दहापटीची चूक होते. सर्दी-ताप, दातदुखी, जखम असताना रक्त देऊ नका. आकडा १० च्या वर गेला तर आधी संसर्ग शोधावा आणि किमान दोन आठवड्यांनी पुन्हा तपासावे.

आकडा वाढला म्हणून डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्या खाणारे भेटतात. या गोळ्यांनी दाह उतरल्यासारखा वाटतो, पण अ‍ॅटॅकचा धोका वाढतो. स्टॅटिन ही कोलेस्टेरॉलची गोळी एलडीएलबरोबर सीआरपीही उतरवते, त्यामुळे ‘आता कोलेस्टेरॉल उतरलं’ म्हणून ती परस्पर बंद करणे घातक आहे. तंबाखू आणि मिश्री सोडणे, पोटाचा घेर कमी करणे, हिरड्यांतून रक्त येत असेल तर दंतवैद्यांकडे जाणे, ही कामे कुठल्याही इंजेक्शनच्या आधीची. संधिवात किंवा सोरायसिस यांसारखे दाहाचे आजार असलेल्यांनी हृदयाची तपासणी लवकर सुरू करावी.

शहरातल्या लॅबचालकांना विनंती आहे की, पॅकेजच्या जाहिरातीत ‘सीआरपी’ एवढेच न छापता साधी की एचएस, आणि आकडा लिटरचा की डेसिलिटरचा, हे स्पष्ट लिहावे. आपल्या आरोग्य पुरवणीनेही अशा जाहिराती घेताना एवढे विचारून घ्यावे.

एक फिजिशियन,
राजारामपुरी, कोल्हापूर