नुसतं 'मलेरिया पॉझिटिव्ह' लिहून काय उपयोग?

मा. संपादक,

मागच्या पावसाळ्यात सिडकोत राहणाऱ्या माझ्या भावाला ताप आला, रिपोर्टवर नुसतं 'मलेरिया पॉझिटिव्ह', कुठला ते नाहीच, तीन दिवस गोळ्या घेतल्या, बरा झाला आणि दोन महिन्यांनी परत तीच हुडहुडी, तीन गोधड्या टाकल्या तरी दात वाजत होते. दुसऱ्या लॅबने काचेवर रक्त पसरून नीट बघितलं तेव्हा कळलं, व्हायवॅक्स, मलेरियाचा एक प्रकार. हा परजीवी लिव्हरमध्ये दडून बसतो, त्यासाठी प्रायमाक्विन हे औषध १४ दिवस लागतं, तेही रक्तातलं जी६पीडी हे एन्झाइम तपासून, कारण ते कमी असेल तर या औषधाने रक्तपेशी फुटतात. फॅल्सिपेरम वेगळा, तो मेंदूपर्यंत जातो. त्याच्या काही स्ट्रेनमध्ये, म्हणजे उपप्रकारांमध्ये, एचआरपी-२ नावाचं प्रथिन बनवणारं जीनच गायब असतं, मग त्या प्रथिनावर चालणारी रॅपिड किट निगेटिव्ह दाखवते आणि पेशंट तसाच घरी जातो! फिल्टर पेपरवर वाळवलेल्या रक्ताच्या थेंबातूनही डीएनए काढून हे पकडता येतं, परजीवीच्या केल्च-१३ या जीनमधले बदल बघून औषधाला दाद न देणारे स्ट्रेनसुद्धा कळतात.

२०२७ च्या सिंहस्थाला नाशकात देशभरातून माणसं येणार, त्यांच्याबरोबर कुठकुठले स्ट्रेन येतील कोण जाणे. महापालिकेने प्रत्येक रिपोर्टवर परजीवीचा प्रकार लिहिणं सक्तीचं करावं आणि थोडे नमुने तरी पीसीआरला, म्हणजे डीएनए तपासणीला, पाठवावेत, ही कळकळीची विनंती.

एक वाचक, नाशिक