पेन्सिलीने लिहिणाऱ्या काकांना

आदरणीय काका,

नाव छापायचं नाही असं तुम्ही बजावलंत, म्हणून नुसतं काका. कॅटमधून, म्हणजे इंदूरच्या प्रगत तंत्रज्ञान केंद्रातून, निवृत्त होऊन रामबागेत राहणारे म्हटलं की ज्यांना कळायचं त्यांना कळेलच.

माझ्या तांब्याच्या पातळ फिल्मवर आयनांचा, म्हणजे विद्युतभारित अणूंचा, मारा केला आणि तिच्यातले ग्रेन, म्हणजे धातूतले बारीक स्फटिक, मोठे झाले. तापमान खोलीइतकंच होतं. इंदुरात आणि बाहेर जिथे जिथे दाखवलं, तिथे निकाल ठरलेला: सॅम्पल तापलं असणार. एका तज्ज्ञांनी तर तापमानाची नोंद न उघडताच अख्ख्या पानावर लाल पेनाने तिरकी रेघ ओढली आणि वर लिहिलं, 'बेसिक्स वाचा'. अजून आठवलं की घशाशी येतं.

तुम्ही आधी नोंद मागितलीत. मग विचारलंत, "मारा न केलेला तुकडा तेवढेच दिवस बाजूला ठेवला होतास का?" होता, आणि तो बदलला नव्हता. शंभर नॅनोमीटरच्या आतले ग्रेन मुळातच अस्वस्थ. इतक्या बाउंड्री, म्हणजे दोन ग्रेनमधल्या सीमा, आणि त्यांच्यात साठलेली जादा ऊर्जा. उष्णता मिळाली की अणू सीमा ओलांडतात, मोठे ग्रेन धाकट्यांना गिळतात. शुद्ध नॅनो तांब्यात हे खोलीच्या तापमानालाही होऊ शकतं, म्हणून तो प्रश्न. बाकी कुणाला तो सुचला नाही, की विचारायचाच नव्हता?

मग तुम्ही 2008 सालचा काउमी, मोट्टा आणि बर्चर यांचा लेख काढून दिलात. आयन आदळला की अणूंचा धक्काबुक्कीचा लोंढा सुटतो आणि काही पिकोसेकंद (सेकंदाचा लाख कोटीवा भाग म्हणजे एक) तेवढीच चिमुकली जागा वितळल्यासारखी तापते. ती जागा बाउंड्रीवर आली की अणू इकडचे तिकडे होतात, बाउंड्री सरकते. बाकी सॅम्पल थंडच. म्हणून कमी तापमानात ही वाढ तापमानावर जवळपास अवलंबूनच नसते. तापमान वर गेलं की मग उष्णताही हात घालते. गंमत अशी की माऱ्याने झालेले दोष गिळून टाकतात म्हणून अणुभट्टीसाठी ज्या बाउंड्रींवर लोकांची आशा, त्यांनाच मारा कमी करत जातो.

हे सगळं उद्या कुणी दुसराही समजावेल. माझ्या मनात राहिलं ते वेगळंच. माझ्या प्रिंटवर लिहायची वेळ आली तेव्हा खिशातलं पेन तुम्ही परत ठेवलंत, आत जाऊन पेन्सिल आणलीत आणि समासात बारीक अक्षरात लिहिलंत. वर म्हणालात, "पटलं नाही तर खोडून टाक. काम तुझं आहे." लाल रेघेचं पान त्याच फाईलमध्ये होतं, तुम्ही ते पाहिलं होतंत. त्याबद्दल एक शब्द नाही. मला रडू आलं ते काकूंनी पाहिलं, तुम्ही चष्मा पुसत बसलात.

हुशार माणसं या शहरात पैशाला पासरी, काका. समोरच्याचं काम त्याचंच राहू देणारी हुशारी फार थोड्यांकडे असते, आणि ती कुठल्या पदवीने येत नाही.

तुमचं एक टिपण मात्र मी खोडलंय. टंगस्टनमध्ये टायटॅनियम मिसळून 1100 अंश सेल्सिअसला आठवडाभर तापवलं तरी ग्रेन 20 नॅनोमीटरच्या आसपास टिकले, हे 2012 मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या लोकांनी दाखवलं. तीच युक्ती माऱ्यापुढेही टिकेल असं तुम्ही लिहिलंय. मला शंका आहे. रविवारी येते, पोहे नकोत, वाद घालायचाय.

तुमची,
खंडवा रोडची विद्यार्थिनी