दाई, ती बाटली माझीच होती

प्रिय दाई,

नेपाळमधल्या इम्जा त्से या हिमशिखरावरून उतरून आज अकरा दिवस झाले. तुम्ही आम्हाला वर नेणारे वाटाडे, पण नेपाळीत थोरल्या भावाला म्हणतात तसं मी तुम्हाला 'दाई'च म्हणते. उजव्या पायाच्या अंगठ्यातली बधिरता अजून पुरती गेलेली नाही. डोळे मिटले की तुमच्या हेडटॉर्चचा उजेड पुढे हळूहळू सरकताना दिसतो. पायथ्याच्या छुकुंग गावात निरोप घेताना मी नुसतं 'धन्यवाद' म्हटलं. तुम्ही मान हलवलीत आणि दोर गुंडाळायला वळलात. एवढंच बोलून आले, हे तेव्हापासून टोचतंय. तुमची नि माझी लिपी एकच आहे, त्यामुळे अक्षरं तुम्हाला लागतील. अर्थ कोणाकडून तरी समजून घ्या. हे सगळ्यांसमोर लिहिते आहे, कारण अशा चढाईला निघणाऱ्या इतरांनीही ते वाचावं असं मला फार वाटतं.

एक गोष्ट मी तुम्हाला तिथे सांगितली नव्हती. तीन वर्षांपूर्वी मी दुसऱ्या एका हिमशिखरावर गेले होते, दुसऱ्या लोकांबरोबर. नाव घेत नाही. त्या म्होरक्याला शेवटपर्यंत माझं नाव माहीत नव्हतं, तो मला 'निळं जॅकेट' म्हणायचा. 3000 मीटरच्या वर गेल्यावर झोपायची जागा एका दिवसात साधारण 500 मीटरपेक्षा जास्त वर नेऊ नये, ही गिर्यारोहणातली अगदी पहिली शिकवण. आम्हाला एका दिवसात जवळपास 900 मीटर चढवलं, कारण दिवस कमी होते. रात्री डोकं फुटायला लागलं, उलट्या झाल्या. सांगायला गेले तर उत्तर मिळालं, "मनाचे खेळ आहेत." पहाटे पाठीवरच्या पिशवीतून पाणी प्यायची नळी गोठली, तेव्हा ऐकवलं, "एवढंही कळत नाही?" मला हाताला धरून खाली आणलं ते भलत्याच तुकडीतल्या एका भारवाहकानं. त्याचे आभार मानायचेही राहिले. आणि मागाहून त्या लोकांचा निरोप आला की तुमची तयारी कमी पडली.

दाई, मी ते खरं मानलं. पायऱ्या चढताना दम लागला तरी वाटायचं, बरोबर बोलले ते. बूट माळ्यावर टाकले होते. विरळ हवा कोणालाही गाठू शकते, भल्या भल्या धावपटूंनाही, हे वाचून माहीत होतं. पण माहीत असणं वेगळं आणि स्वतःला माफ करणं वेगळं.

म्हणून तुमच्यासोबत निघाले तेव्हा मनात ठरवूनच आले होते: काहीही दुखलं तरी बोलायचं नाही. पहिल्याच सकाळी तुम्ही विचारलंत, "रात्री किती वेळा जाग आली?" बरी आहेस का, असं विचारलं असतंत तर 'हो' म्हणून मोकळी झाले असते. या प्रश्नाला आकडाच द्यावा लागतो. मी म्हटलं, चार. तुम्ही थांबलात, आणखी दोन प्रश्न विचारलेत, आणि त्या दिवशी आपण वर चढून गेलो खरे, पण झोपायला पुन्हा खालीच आलो. कोणालाही कारण सांगितलं नाहीत. माझ्यामुळे असं झालं हे फक्त आपल्या दोघांना माहीत होतं. दोन दिवसांत डोकं शांत झालं.

वाटेवरच्या डिंगबोचे गावातून तुम्ही इम्जा त्सेचा डोंगर दाखवलात. 1951 साली ब्रिटिश गिर्यारोहक शिप्टनच्या तुकडीला तो बर्फाच्या समुद्रातल्या बेटासारखा दिसला आणि त्यांनी त्याला आयलंड पीक म्हटलं, हे मी वाचून आले होते. 1953 मध्ये एव्हरेस्टच्या आधी सराव म्हणून त्यावर चढलेल्यांत तेनझिंग नोर्गे होते, हे तुम्ही सांगितलंत, आणि तेही आपल्या घरातल्या माणसाबद्दल सांगावं तसं. पुढे वरून डोंगराच्या पायथ्याचं इम्जा सरोवर दिसलं तेव्हा मात्र तुम्ही बराच वेळ गप्प उभे होतात. साठ-सत्तर वर्षांपूर्वी तिथे हिमनदीवर चार डबकी होती, आता लांबच लांब पाणी पसरलंय. फुटू नये म्हणून 2016 मध्ये नेपाळी सैन्यानं त्याची पातळी तीन मीटरच्या वर उतरवली. साऱ्या चढाईत तेवढाच वेळ तुम्ही आमच्याकडे पाठ करून उभे होतात.

आता त्या रात्रीचं. दीड वाजता निघालो. जॅकेट, दोराला जोडायचा कमरेचा हार्नेस, हातमोजे या गडबडीत, तुम्ही सांगितल्याप्रमाणे गरम पाणी भरून स्लीपिंग बॅगमध्ये ठेवलेली बाटली मी तंबूतच विसरले. पाठीवरच्या पिशवीत पाणी होतं, म्हणून लक्षातही आलं नाही. खडक संपून बर्फ लागला, आपण बुटांना क्रॅम्पॉन, म्हणजे बर्फात रुतणारे काटे, चढवले, दोराला बांधून घेतलं. पुढे हिमभेगेवर टाकलेल्या शिडीपाशी पोचेपर्यंत घसा कोरडा पडला होता. नळी तोंडात धरली. आत बर्फ.

तीन वर्षांपूर्वीची ती पहाट जशीच्या तशी अंगावर आली. मी नळी गुपचूप परत खोचली. माझ्या पुढे-मागे सगळे स्वतःच्या श्वासाशी झगडत होते, कोणी पाहिलं नव्हतं. तुम्ही दोर हाताशी घेत माझ्यापर्यंत आलात, जॅकेटची चेन उघडलीत आणि छातीशी उलटी धरून ठेवलेली एक बाटली काढलीत. झाकण तुम्हीच फिरवून दिलंत, कारण माझी बोटं वळत नव्हती. पाणी कोमट होतं. दोन घोट घेतल्यावर टॉर्चच्या उजेडात बाटलीवरची पट्टी दिसली आणि कळलं, ही माझीच आहे. मी निघाल्यावर तुम्ही माझ्या तंबूत डोकावला होतात.

तुम्ही म्हणालात, "बर्फ वरून धरतो. उलटी ठेवली की तोंड मोकळं राहतं." बस्स. विसरलीस कशी, असं एका शब्दानं बोलला नाहीत. मी प्यायले, तुम्ही ती पुन्हा स्वतःच्या छातीशी ठेवलीत आणि म्हणालात, "बिस्तारै." म्हणजे सावकाश.

लिटरभर पाणी म्हणजे एक किलो. जिथे समुद्रकाठच्या निम्मासुद्धा प्राणवायू छातीत जात नाही, तिथे दोराच्या आणि सामानाच्या वर तो किलो तुम्ही चार तास वाहिलात. आपल्या अंगाची ऊब त्याला दिलीत. कुठल्या करारात हे लिहिलेलं नसतं. दोर बांधणं, शिडी तपासणं, बर्फाच्या भिंतीवर दोर धरून चढायचं जुमार अडकवून देणं हे काम होतं, आणि ते तुम्ही चोख केलंत. बाटली आणणं मात्र काम नव्हतं. ती राहिली असती तरी तुम्हाला कोणी दोष दिला नसता, आणि मी तर तोंडही उघडलं नसतं.

शिडी ओलांडली तेव्हा मी रडत होते. तुम्हाला वाटलं असेल घाबरले. घाबरले नव्हते, दाई. तीन वर्षं छातीवर बसलेलं काहीतरी तिथे उतरत होतं.

शिखरावर पंधरा मिनिटं होतो. वारा होता, शेजारच्या ल्होत्से शिखराची भिंत इतकी जवळ होती की मान वर करून पाहावी लागली. त्याबद्दल लिहायला विशेष काही नाही.

असली माणसं जगात आहेत आणि ती अंधारात, कोणी बघत नसताना अशी वागतात, हे कळल्यापासून माझं वागणं थोडं बदललंय. परवा एका नवख्या सहकाऱ्याकडून चूक झाली. ओठांवर आलेलं वाक्य गिळलं आणि ते काम शेजारी बसून त्याच्याबरोबर पुन्हा केलं. त्या म्होरक्यावरचा राग गेलेला नाही. जायलाही नको, कारण त्याच्यासारखे अजून लोकांना वर नेताहेत. पण आता तो राग माझ्या बाजूनं आहे, माझ्यावर नाही.

आमच्या चढाईचे दोनशेहून जास्त फोटो आहेत. शोधून शोधून तुमचा एकच सापडला. त्यातही चेहरा नाही. बर्फात गुडघे टेकून तुम्ही कोणाच्या तरी क्रॅम्पॉनचा पट्टा आवळता आहात. बाकीचे सगळे तुम्हीच काढलेले. तो एक मोठा करून तुमच्याकडे पाठवते आहे. पायातले ते बूट माझे आहेत.

तुमची,
निळ्या जॅकेटवाली, जिचं नाव तुम्ही पहिल्याच दिवशी विचारलंत