आधी बिले वेळेवर द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या समाजात उद्योजकता का रुजत नाही, यावरचा कालच्या पुरवणीतला पानभर लेख वाचला. लेखकांचा अभ्यास आहे, भाषा नेटकी आहे, त्याबद्दल आदरच आहे. पण घरचे संस्कार, शिक्षणपद्धती, अपयशाची भीती, नोकरीचा सोस अशी सगळी कारणे सांगून झाली तरी केलेल्या कामाचे पैसे वेळेवर मिळणे ही गोष्ट त्या अख्ख्या पानात एकदाही आली नाही. प्रेसशॉप चालवण्यात उमर गेलेल्या माणसाला हे वाचून संताप येतो, म्हणून लिहितो आहे.

माझ्याकडे शीट मेटलचे काम चालते. ब्रॅकेट, क्लॅम्प, छोटी पॅनेल. माल मोठ्या कंपन्यांना जातो. पीओवर, म्हणजे खरेदीच्या ऑर्डरवर, पैसे द्यायचे ४५ दिवस लिहिलेले असतात, पण ते कधीपासून मोजायचे हे त्यांचे अकाउंट्स खाते ठरवते. माल गेटवर उतरतो, चलनावर सही होते, पार्ट लाइनवर लागतात, लागलेले पार्ट गाडीबरोबर बाहेरही पडतात. बिलावर इनवर्डचा, म्हणजे बिल मिळाल्याचा, शिक्का मात्र महिना सरताना बसतो आणि मोजणी त्या शिक्क्यापासून. मधेच कुणाला तरी जीआरएनचा, म्हणजे माल मिळाल्याच्या नोंदीचा, आकडा जुळत नाही. कागद परत येतो, दुरुस्त करून दिला की नवा शिक्का, नवी तारीख. इकडे पत्र्याचे पैसे आम्ही आगाऊ भरलेले. जीएसटी तर खरेदीदाराने पैसे दिले काय, न दिले काय, विवरणपत्राबरोबर भरावाच लागतो. मग सीसी लिमिट, म्हणजे बँकेने दिलेली कर्जाची मर्यादा, वापरायची आणि दुसऱ्याने अडकवलेल्या पैशांवर बँकेला व्याज आपण द्यायचे.

यावर कायदा नाही असे कुणी समजू नये. सूक्ष्म, लघु आणि मध्यम उपक्रम विकास कायदा २००६ पासून आहे. करार काहीही असो, सूक्ष्म आणि लघु पुरवठादाराचे पैसे ४५ दिवसांच्या पुढे नेता येत नाहीत, आणि लेखी करारच नसेल तर मुदत १५ दिवसांची. माल पोचल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत आली नाही, तर पोचल्या दिवशीच तो स्वीकारला असे कायदा धरतो. म्हणजे त्या इनवर्डच्या शिक्क्याला काडीची किंमत नाही. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज द्यावे लागते. तक्रारीचा निकाल ९० दिवसांत लावावा असेही लिहिले आहे. इतके असूनही हे व्याज मागणारा पुरवठादार मला अजून भेटलेला नाही, कारण मागितले की व्हेंडर कोड, म्हणजे कंपनीच्या यादीतला आपला पुरवठादार क्रमांक, ब्लॉक होतो आणि पुढची पीओ शेजारच्या गाळ्यात जाते. १ एप्रिल २०२४ पासून प्राप्तिकर कायद्यात ४३ बी (एच) हे कलम आले. मुदतीत न दिलेली रक्कम प्रत्यक्ष दिल्याशिवाय खरेदीदाराला खर्चात धरता येणार नाही, अशी ती तरतूद. आम्हाला वाटले, आता तरी सुटलो. झाले काय, तर एका ग्राहक कंपनीतून फोन आला की तुमची उद्यम नोंदणी (लघुउद्योग असल्याची सरकारी नोंद) रद्द करून टाका, म्हणजे दोघांनाही सोयीचे होईल.

आता लेखकांच्या 'जोखीम टाळणाऱ्या तरुणा'विषयी. आमच्याकडे डायवर, म्हणजे पत्रा कापायच्या साच्यावर, काम करणारा एक आयटीआयचा मुलगा होता. पार्टच्या कडेवरून अंगठा फिरवून, बर, म्हणजे कापल्यावर उरलेली खरखरीत कड, कुठल्या बाजूला जास्त आहे त्यावरून डायचा क्लिअरन्स (दोन भागांतली फट) कुठे बिघडला ते सांगायचा. गेज नंतर लावायचे, उत्तर आधीच बरोबर असायचे. त्याला स्वतःचे टूलरूम, म्हणजे डाय बनवायचे वर्कशॉप, काढायचे होते. जुनी मशीन बघून ठेवली होती, प्रोजेक्ट रिपोर्ट तयार होता, पत हमी योजनेत तारणाशिवाय कर्ज द्यायला बँक राजी होती. भीती त्याच्या अंगात नव्हतीच. मी त्याला म्हटले, महिनाअखेरीला माझ्याजवळ बस, हिशेब कसे चालतात ते बघ. तो बसला. येणे किती, त्यातले किती दिवस उलटलेले, पगाराला किती कमी पडतात, कुणाला फोन करायचा, आणि फोनवर आपल्याच पैशांसाठी किती अजिजीने बोलायचे, हे सगळे त्याने पाहिले. नंतर काही बोलला नाही. आज तो एका मोठ्या कंपनीच्या मेंटेनन्समध्ये पगारावर आहे. आमच्या भागातले एक चांगले टूलरूम निघता निघता राहिले. लेखकांच्या हिशेबात हा मुलगा संस्कार कमी पडल्यामुळे नोकरीत गेला असेल. माझ्या हिशेबात तो चोख आकडेमोड करून गेला.

लेखात मारवाडी-गुजराती समाजाच्या 'उपजत' व्यापारी वृत्तीचे कौतुक आहे. कौतुक जरूर करा, पण त्यामागे काय होते तेही सांगा. नवखा पोरगा नात्यातल्या पेढीवर उमेदवारी करायचा, मग त्याला माल उधार मिळायचा. आणि मुदतीला हुंडी न सकारणाऱ्याची पत साऱ्या बाजारात जायची. ठरल्या दिवशी पैसे देणे ही तिथे अब्रूची गोष्ट होती. आमच्याकडे पुरवठादाराचे पैसे जास्तीत जास्त दिवस वापरणाऱ्याला बढती मिळते. हा फरक जन्माचा नाही, बाजाराच्या रीतीचा आहे, आणि रीत बदलता येते.

लक्ष्मणराव किर्लोस्करांचे उदाहरण तर दरवेळी येते. मुंबईच्या व्हीजेटीआयमधली नोकरी सोडली, लोखंडी नांगराने जमीन विषारी होते म्हणणाऱ्या शेतकऱ्यांपुढे तग धरला, हे सगळे खरे. पण १९१० मध्ये कुंडल रोड स्टेशनजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली, ती औंधच्या संस्थानिकांनी बोलावून जमीन दिली म्हणून. त्यांची जिद्द मोठीच होती. तिला जागा देणारे कुणीतरी होते, हे वाक्य लेखात का नसावे?

जाता जाता आपल्या दैनिकाविषयीही थोडे. बँकांच्या ताबा नोटिसा आपण छापता. थकीत कर्जाच्या वसुलीसाठीच्या सरफेसी कायद्याच्या नियमांनुसार त्या दोन वृत्तपत्रांत याव्या लागतात, त्यातले एक स्थानिक भाषेतले, म्हणून त्याला माझा आक्षेप नाही. पण त्यात कर्जदाराचे नाव आणि मालमत्तेचा तपशील सगळ्या गावाला दिसतो. माझ्या ओळखीच्या एका जॉबवर्कवाल्याच्या बायकोने ती नोटीस आल्यावर कित्येक दिवस दाराबाहेर पाऊल टाकले नाही. त्याचे येणे ज्यांच्याकडे अडकले होते, त्या कंपनीचे नाव मात्र कुठल्याच पानावर नव्हते. उलट तिच्या तिमाही नफ्याची बातमी आपल्याच अर्थपानावर ठळक होती.

म्हणून एक विनंती आहे, आणि ती मनापासून आहे. सूक्ष्म आणि लघु पुरवठादारांचे किती देणे बाकी आहे, हे कंपन्यांना वार्षिक हिशेबात दाखवावे लागते. १ एप्रिल २०२१ पासून तर ते देणे किती जुने आहे याचा तक्ताही द्यावा लागतो: वर्षाच्या आतले, एक ते दोन, दोन ते तीन, तीन वर्षांवरचे. नोंदणीकृत कंपन्यांचे अहवाल कुणालाही वाचायला खुले आहेत. आपल्या अर्थपानाच्या वार्ताहरांनी आपल्या भागातल्या कंपन्यांचे हे आकडे काढावेत आणि वर्षातून एकदा, नावानिशी, यशोगाथांच्या सदराएवढ्याच जागेत छापावेत.

आपला,
एक लघुउद्योजक वाचक
(नाव-पत्ता संपादकांपाशी आहे, व्हेंडर कोड शाबूत राहावा म्हणून छापू नये.)