डेटाबेसचा पोर्ट इंटरनेटला उघडू नका

संपादक महोदय,

आपल्याकडच्या बऱ्याच पतसंस्थांचा डेटा अजून ऑफिसातल्याच सर्व्हरवर आहे आणि आता संचालकांना मोबाईलवर पॉवर बीआयचे (मायक्रोसॉफ्टचं रिपोर्ट बनवायचं सॉफ्टवेअर) रिपोर्ट हवेत, ते बरोबरच आहे, पण त्यासाठी राउटरवर १४३३ पोर्ट (डेटाबेसशी जोडणीचा दरवाजा) फॉरवर्ड करून, म्हणजे बाहेरच्यांसाठी उघडून, एसक्यूएल सर्व्हर (मायक्रोसॉफ्टचा डेटाबेस) थेट इंटरनेटला लावायचा आणि वर 'एसए'चं, म्हणजे सगळे अधिकार असलेलं, लॉगिन द्यायचं, हे मी एका ठिकाणी स्वतः बघितलंय. खातेदारांचे आधार, पॅन, सगळं त्यात! २००३ मध्ये स्लॅमर वर्म (आपोआप पसरणारा घातक प्रोग्राम) असाच, पॅच (सुरक्षेची दुरुस्ती) न केलेल्या एसक्यूएल सर्व्हरमधून काही मिनिटांत जगभर पसरला होता.

अहो, मायक्रोसॉफ्टचा डेटा गेटवे (ऑफिसातला डेटा पॉवर बीआयपर्यंत पोचवणारा प्रोग्राम) फुकट मिळतो. तो आतल्याच मशीनवर बसतो आणि कनेक्शन आतून बाहेर करतो, त्यामुळे बाहेरून आत येणारा एकही पोर्ट उघडावा लागत नाही. फक्त तो कायम चालू असलेल्या मशीनवर टाका, कुणाच्या लॅपटॉपवर नको, लॅपटॉप स्लीपला गेला की रिफ्रेश, म्हणजे रिपोर्टमध्ये नवा डेटा येणं, बंद. गेटवे दुसऱ्या मशीनवर हलवायला लागणारी रिकव्हरी की जपून ठेवा. आणि रिपोर्टसाठी वेगळा युजर करा, ज्याला फक्त वाचता येईल आणि तेही ठराविक व्ह्यूच (डेटाचे निवडक भाग), आधार नंबरची रिपोर्टला गरजच काय? सहकार खात्याने ऑडिटमध्ये हे तपासायला सुरुवात करावी ही विनंती.

– एक वाचक, सांगली