जन्मानंतरचा पहिला तास आईला द्या

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

दरवर्षी १ ते ७ ऑगस्ट या काळात जागतिक स्तनपान सप्ताह येतो आणि आपल्या नागपुरातही रुग्णालयांच्या प्रवेशद्वारांवर फलक झळकतात, नर्सिंगच्या विद्यार्थिनी पथनाट्ये करतात, आईच्या दुधाच्या महतीची भाषणे होतात. मी चौतीस वर्षे परिचारिका होते आणि त्यांतली बरीचशी वर्षे लेबर रूममध्येच गेली, त्यामुळे अशा फलकांखाली उभी राहून मीही पुष्कळ बोलले आहे. परंतु गेल्या महिन्यात सुनेच्या बाळंतपणासाठी शहरातील एका खासगी प्रसूतिगृहात मी नातेवाईक म्हणून दाराबाहेर बसले, आणि जे आयुष्यभर आतून पाहिले होते ते बाहेरून पाहिल्यावर हे पत्र लिहिल्यावाचून राहवले नाही.

पहाटे चारच्या सुमारास सून सुखरूप बाळंत झाली. दिवस पूर्ण भरलेले, बाळाचे वजन २ किलो ९०० ग्रॅम, जन्मताच खणखणीत रडलेले. दहा मिनिटांच्या आत मावशी त्या मुलीला हिरव्या कापडात गुंडाळून बाहेर घेऊन आल्या. "आजी, लक्ष्मी आली, आता बर्फी आणि बक्षीस दोन्ही लागेल," असे म्हणून त्या थांबल्या, तेव्हा माझ्या मुलाने खिशातून पाचशेची नोट काढली. व्याह्यांनी मोबाइल पुढे केला. विहीणबाईंनी चांदीच्या वाटीत मध आणला होता, तेवढे मधाचे बोट मी अडवले, कारण वर्षाच्या आतील बाळाला मध घातक ठरू शकतो. बाकी काही मला अडवता आले नाही. बाळ या हातातून त्या हातात फिरले, नंतर वॉर्मरखाली, म्हणजे ऊब देणाऱ्या यंत्राखाली गेले, आणि आईच्या कुशीत आले तेव्हा सकाळचे आठ वाजून गेले होते व ते गाढ झोपले होते. दुपारी सुनेने मला एकच प्रश्न विचारला, "आई, बाहेर आणली तेव्हा तिचे डोळे उघडे होते का हो?"

होते. टक्क उघडे होते. निरोगी नवजात बाळ पहिला तासभर, कधी त्याहून थोडे अधिक, विलक्षण सावध असते, कारण जन्माच्या ताणामुळे त्याच्या रक्तात नॉरअॅड्रिनॅलिनसारखी संप्रेरके भरपूर असतात, आणि त्यानंतर त्याला लांब झोप लागते. म्हणजे आईला पाहण्याची, हुंगण्याची आणि स्तनाला तोंड लावण्याची बाळाची जी तयारी असते ती नेमकी याच वेळेत असते, आणि आपण नेमकी हीच वेळ वजनकाटा, मोबाइल आणि बक्षिसी यांत घालवतो.

त्या प्रसूतिगृहाविषयी माझी वेगळी तक्रार नाही, कारण मी स्वतः हेच केले आहे. नाळ कापायची, बाळ ट्रेमध्ये घ्यायचे, वजन करायचे, पायाचा ठसा केसपेपरवर उमटवायचा, मनगटाला पट्टी बांधायची आणि मग टेबलापाशी नेऊन बाळाचे पाय फाकवून दमलेल्या आईला विचारायचे, "काय झालं? बघा आणि मोठ्याने सांगा." अदलाबदलीचा आरोप नको म्हणून ही पद्धत पडली. शेकडो बायांना मी हा प्रश्न विचारला असेल, आणि आपल्या लेकराची पहिली ओळख त्यांना अशा रीतीने करून देतो आहोत हे माझ्या कधी मनातही आले नाही.

खरे तर करायचे असते ते फार थोडे. बाळ कोरडे करून, डोक्याला टोपडे घालून, आईच्या उघड्या छातीवर पालथे ठेवायचे आणि दोघांवर मिळून एक कोरडे कापड पांघरायचे. आई आणि बाळ ठीक असतील तर नाळ कापण्याचीही निदान एक मिनिट घाई करायची नाही. वजन आणि व्हिटॅमिन के चे इंजेक्शन तासाभराने दिले तरी बिघडत नाही. ठेवलेले बाळ आधी निपचित वाटते, मग डोके उचलते, मुठी चोखते, पाय रेटते आणि इंचाइंचाने स्तनाकडे सरकते. त्याच्या हातांना गर्भजलाचा जो वास असतो त्याच्याशी आईच्या स्तनाग्राभोवतीचा वास मिळताजुळता असतो, म्हणून बाळाचे अंग पुसताना हात मात्र पुसू नयेत असे सांगतात. आमच्या आजीच्या पिढीतल्या सुइणींना हे शास्त्र ठाऊक नव्हते, आणि कित्येक घरांत चीक दूध पिळून टाकले जाई, तेव्हा जुने ते सगळे सोने होते असे मी मुळीच म्हणणार नाही. मात्र 'पान्हा फुटणे' हा शब्द ज्यांनी घडवला त्यांना बाळाच्या स्पर्शाने आईच्या शरीरात काय होते याची जाण नक्कीच होती. त्या स्पर्शाने ऑक्सिटोसिन हे संप्रेरक वाढते, दूध उतरते, गर्भाशय आकुंचन पावते व रक्तस्राव आटोक्यात राहण्यास मदत होते, आणि बाळाचे तापमान, श्वास व रक्तातील साखर स्थिर राहते.

तापमानाचा मुद्दा नागपूरकरांना विचित्र वाटेल. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर असताना बाळ गारठेल कसे, असे मला अनेकांनी विचारले आहे. उत्तर लेबर रूमच्या खिडकीत असते. तिथला कूलर ओल्या अंगाच्या बाळावर थंड दमट वारा फेकत असतो, आणि ऑपरेशन थिएटरमध्ये तर बारमाही एसी चालतो. आईची छाती हा वीज गेली तरी न बंद पडणारा वॉर्मर आहे.

जागतिक आरोग्य संघटना पहिल्या तासातच स्तनपान सुरू व्हावे असे सांगते आणि आपल्या केंद्र सरकारने २०१६ मध्ये 'मा' हा कार्यक्रम याचसाठी सुरू केला. तरीही राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातील ८८.६ टक्के प्रसूती रुग्णालयांत झाल्याचे, पण पहिल्या तासात आईचे दूध मिळालेली बाळे केवळ ४१.८ टक्के असल्याचे दिसले. बाई रुग्णालयापर्यंत पोहोचली, बाळ मात्र आईपर्यंत पोहोचले नाही, असाच याचा अर्थ मी लावते.

सिझेरियन झाले म्हणून हे जमत नाही, ही सबब मी अनेक डॉक्टरांकडून ऐकली आहे. मणक्यातून भूल दिलेली आई जागी असते. ईसीजीच्या पट्ट्या थोड्या बाजूला लावल्या आणि एक हात मोकळा ठेवला तर बाळ तिच्या छातीवर आडवे ठेवता येते. ज्या बाळाला श्वासासाठी मदत लागते त्याची गोष्ट निराळी, तिथे आधी जीव. कमी वजनाच्या बाळांबाबत तर उलटाच अनुभव आहे. १९७८-७९ मध्ये कोलंबियातील बोगोटा येथे डॉ. एडगर रे आणि डॉ. हेक्टर मार्टिनेझ यांनी इन्क्युबेटर अपुरे पडत असताना बाळे आईच्या छातीशी ठेवायला सुरुवात केली, आणि भारतासह पाच देशांत झालेल्या व २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १ ते १.८ किलोच्या बाळांना जन्मानंतर लगेच अशी कांगारू ऊब दिल्याने पहिल्या २८ दिवसांतील मृत्यू २५ टक्क्यांनी कमी झाले.

मनुष्यबळाची अडचण मात्र खरी आहे आणि ती मी नाकारणार नाही. मेडिकल, मेयो आणि डागा या आपल्या सरकारी रुग्णालयांत भंडारा, गोंदिया, गडचिरोलीपासून थेट छिंदवाडा, बालाघाटपर्यंतच्या बाया येतात. तीन टेबले आणि एक सिस्टर अशी रात्र ज्यांनी काढली आहे त्यांना उपदेश करण्याचा अधिकार कोणाला नाही. शिवाय छातीवर ठेवलेल्या बाळाकडे लक्ष लागतेच. त्याचे नाक मोकळे आहे ना, डोके एका बाजूला वळलेले आहे ना, रंग ठीक आहे ना हे कोणीतरी पाहत राहावे लागते, कारण थकलेल्या आईचा डोळा लागू शकतो. यासाठीच लेबर रूममधील सेवा सुधारण्यासाठीच्या केंद्राच्या २०१७ च्या 'लक्ष्य' उपक्रमात बाळंतिणीसोबत तिची एक सोबतीण आत असावी असे म्हटले आहे. बाहेर मोबाइल घेऊन उभ्या असलेल्या आठ जणांपैकी एक आजी आत बसली तर सिस्टरचे अर्धे काम हलके होईल.

ज्या मातांचा हा तास हुकला त्यांनी जीव जाळू नये, हेही लिहायला हवे. अमेरिकेतील क्लाऊस आणि केनेल या बालरोगतज्ज्ञांनी १९७० च्या दशकात पहिल्या तासांतील सहवासाचे महत्त्व जगापुढे मांडले, पण तेवढ्याच तासांवर मायलेकरांचे नाते ठरते हा त्याचा काढला गेलेला अर्थ पुढे टिकला नाही. माझी सून आज नातीला छातीशी घेऊन तास तास बसते, आणि दूध उतरायला तीन दिवस त्रास झाला तरी आता सारे ठीक आहे. पण जे फुकट, सोपे आणि हक्काचे होते ते तिला का नाकारले गेले, हा प्रश्न उरतोच.

शहरातील प्रसूतिगृहांची नोंदणी महापालिकेच्या आरोग्य विभागाकडे होते. रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावणे २०२१ च्या नियमांनी बंधनकारक केलेलेच आहे. त्या सनदेशेजारी 'आई व बाळ ठीक असल्यास पहिला तास बाळ आईच्या छातीवर राहील, नातेवाइकांना नंतर दाखवले जाईल' ही एक ओळ असावी, आणि बाळ छातीवर कधी ठेवले व पहिले दूध कधी दिले या दोन वेळा केसपेपरवर लिहिल्या जातात की नाही हे नूतनीकरणाच्या तपासणीत पाहावे, एवढी विनंती आपल्या वृत्तपत्रामार्फत आरोग्य अधिकाऱ्यांना करते. बाळ बाहेर आणून दाखवण्याची बक्षिसी तर आजपासूनच बंद करता येईल. त्यासाठी परिपत्रक नको, पाचशेची नोट खिशातच राहिली तरी पुरे.

आपली नम्र,
एक निवृत्त परिचारिका,
प्रतापनगर, नागपूर